यादीतील शेवटचे नाव

बी. ए.चे तिसरे वर्ष निम्मे सरले की भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "पुढे काय?" नोकरी, स्पर्धा परीक्षा, बी. एड. ही उत्तरे आपापल्या जागी योग्यच आहेत. ज्यांना एम. ए. करावयाचे आहे त्यांच्यापुढे मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे "कोठे?" पहिल्या प्रश्नावर वसतिगृहात रात्ररात्र वाद घालणारे आपण, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कॅन्टीनमधला चहा निवायच्या आत देऊन मोकळे होतो. त्याविषयी गेल्या काही महिन्यांत मी जो विचार केला, जी माहिती जमविली, ती वर्गमित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझा विषय इतिहास असल्यामुळे उदाहरणे त्यातलीच येतील. मराठीच्या, अर्थशास्त्राच्या मित्रांनी ती आपल्या विषयाप्रमाणे बदलून घ्यावीत.

या वर्षी मी अनेक मित्रांच्या याद्या पाहिल्या. त्यांत दोन जाती आढळल्या. पहिल्या जातीच्या यादीत एकच नाव असते, ते म्हणजे आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. का, असे विचारले तर "सगळे तिथेच जातात" हे उत्तर. दुसऱ्या जातीच्या यादीत दिल्ली, हैदराबाद, मुंबई, पुणे येथील पाच-सहा मोठी नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि त्यांच्याखाली कोरा कागद. माझ्या मते दोन्ही याद्यांतला दोष एकच आहे. शेवटच्या नावाचा विचार कोणीच केलेला नाही. पहिल्या मित्राने ते न तपासता लिहिले, दुसऱ्याने लिहिलेच नाही. पहिल्या क्रमांकाच्या नावावर आपण वर्षभर स्वप्ने रंगवितो, पण नवे सत्र सुरू होईल तेव्हा आपण प्रत्यक्ष कोणत्या वर्गात बसलेले असू, हे पुष्कळदा यादीच्या तळाकडची नावेच ठरवितात. म्हणून मी माझी यादी खालून वर लिहिली.

शेवटच्या नावाला मी तीन प्रश्न विचारले. प्रवेश जवळजवळ निश्चित मिळेल का? खर्च घराला पेलेल का? आणि फक्त हेच मिळाले तर मी मनापासून जाईन का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चौकशीने मिळतात. तिसरा प्रश्न अवघड आहे. "बघू, कुठेच नाही मिळाले तर" असे म्हणून लिहिलेल्या नावाला तो विचारून पाहावा, म्हणजे ते नाव लिहिण्यापूर्वी आपण त्याच्याकडे धडपणे पाहिलेही नव्हते हे ध्यानात येते.

येथे थोडे मागे वळून पाहणे आवश्यक वाटते. घराजवळचे एक नाव आज आपण सहज लिहितो. शंभर वर्षांपूर्वी ते लिहिता येत नव्हते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू. आपल्या शहरात 1923 मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघाले. आजच्या शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयाचे मूळ ते. इंटरपर्यंत येथे शिकावे आणि पदवीसाठी हैदराबाद गाठावे, नाहीतर संस्थानाची हद्द ओलांडून पुणे, मुंबई वा नागपूर जवळ करावे. मराठी घरातल्या ज्या मुलाला उर्दूत शिकणे जड जाई आणि ज्याच्या बापाला पुण्याचा खर्च झेपत नसे, त्याची यादी तेथेच संपत असे.

1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. आपण आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखतो ते हेच. ही संस्था डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये स्थापन केली होती आणि मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 मध्ये उभे केले होते. बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षण मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा ठिकाणी झालेले. जगातली उत्तम विद्यापीठे आतून पाहिलेल्या या माणसाने मुंबईनंतर महाविद्यालयासाठी आपले शहर निवडले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. नांदेडला पीपल्स कॉलेजही 1950 चेच. पुढे 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. देवगिरी महाविद्यालय 1960 चे, मौलाना आझाद महाविद्यालय 1963 चे. 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यासाठी किती वर्षे लढा द्यावा लागला हे येथे सांगावयास नकोच. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आले. थोडक्यात, ज्या नावाकडे आपण "ते तर आहेच" म्हणून पाहतो ते आपल्या आजोबा-पणजोबांना मिळवावे लागले आहे. पण म्हणून ते डोळे मिटून लिहावे असेही नाही. ते तपासूनच लिहावे.

तपासावयाचे कसे? आमच्या इतिहास विभागातील तीन मित्रांची गोष्ट सांगतो, कारण त्यावरून मला एक गोष्ट स्पष्ट झाली. आम्ही तिघेही एकाच बाकावर बसणारे, गुणही जवळपास सारखे. परंतु मला सातवाहन काळात रस आहे. दुसऱ्याला निजामाची राजवट आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम यांवर काम करावयाचे आहे. तिसरा पेशवाईत रमणारा. सुरुवातीला आमच्या तिघांच्या याद्या अगदी सारख्या होत्या. विषय समोर ठेवून पाहिल्यावर त्या पार वेगळ्या झाल्या.

पेशवाईवाल्या मित्राला पुण्याला पर्याय नाही. पेशवे दप्तर तेथील पुराभिलेखागारात आहे, 1910 मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही तेथेच आहे. तेव्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ त्याच्या यादीत वर गेले. निजामशाहीवाल्या मित्राचे दप्तर हैदराबादला. संस्थानचे जुने कागद तेथील राज्य अभिलेखागारात आहेत आणि ते वाचावयाचे तर उर्दू-फारसी आली पाहिजे. त्याच्या यादीत 1974 मध्ये स्थापन झालेले हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ आले, त्याच्यासोबत 1998 चे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठही आले. हे दुसरे नाव आम्हा कोणाच्याच तोंडी कधी आलेले नव्हते. रात्री आपल्या स्टेशनावर अजिंठा एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी हैदराबाद. त्याच्या आईला मात्र ते पुण्यापेक्षा दहापट दूर वाटते. ज्या शहराकडे एकेकाळी नाइलाजाने जावे लागे, त्याच शहराकडे माझा मित्र आता आपणहून निघाला आहे.

माझे काय? सातवाहन म्हटले की पैठण, तेर, भोकरदन. भोकरदनचे उत्खनन 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले होते. आपल्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे स्वतःचे वस्तुसंग्रहालय आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? मी एका दुपारी जाऊन आलो. ज्या गावांची नावे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो त्यांच्या मातीतून निघालेल्या वस्तू काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर पाहिल्या आणि माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच मिळाले. फक्त हेच मिळाले तर? जाईन, मनापासून जाईन. माझ्या यादीतील शेवटचे नाव तेव्हा पक्के झाले. पहिले नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आहे. त्याचे मूळ 1821 पर्यंत जाते आणि आपल्या देशातील पुरातत्त्वाच्या अभ्यासात त्याचे स्थान मोठे आहे. पुण्याच्या एस. टी.तून आपण नेवासे फाटा ओलांडतो, त्या नेवाशाचे उत्खनन 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

तेव्हा आधी विषय ठरवावा आणि मग गाव. विषय अजून ठरत नसेल तर निदान कोणत्या दोन विषयपत्रिका वाचताना आपल्याला झोप येत नाही एवढे तरी ठरवावे.

मानांकनाविषयी दोन शब्द. नॅकची श्रेणी आणि 2016 पासून प्रसिद्ध होणारी एन. आय. आर. एफ.ची क्रमवारी यांचा आपल्याकडे फार बोलबाला आहे. त्या निरुपयोगी नाहीत. परंतु नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तुमच्या विभागाला नव्हे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमुळे वर गेलेले विद्यापीठ तुम्हाला मध्ययुगीन इतिहास चांगला शिकवील असे त्यातून सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मला उपयोगी पडलेले तीन साधे उपाय सांगतो. एक, विभागाचा अभ्यासक्रम मिळवून तो खरोखर वाचावा. ऐच्छिक विषयांची यादी मोठी असते, त्यांतले प्रत्यक्ष कोणते शिकविले जातात ते तेथल्या विद्यार्थ्याला विचारावे. दोन, 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात देशभरातील पीएच. डी.चे प्रबंध ठेवलेले आहेत. तेथे विद्यापीठ आणि विभाग निवडला की कोणत्या मार्गदर्शकाकडे कोणत्या विषयावर काम झाले ते दिसते. माहितीपत्रकातील गुळगुळीत वाक्यांपेक्षा ही यादी अधिक खरे बोलते. तीन, विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारण्यास संकोच करू नये. मंजूर जागा आणि भरलेल्या जागा यांत आपल्या राज्यात केवढे अंतर असते हे गुरुजनांना मी काय सांगावे! तासिकेवरचे सर कमी शिकवितात असे मुळीच नाही, पुष्कळदा तेच अधिक शिकवितात. पण पुढल्या वर्षी ते तेथे असतीलच याची खात्री त्यांनाही नसते.

माध्यमाचा प्रश्न आपल्यासाठी नाजूक आहे. आपल्या किंवा पुण्याच्या विद्यापीठात इतिहासाची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. केंद्रीय विद्यापीठांत इंग्रजी. शिवाय त्यांच्यापैकी बहुतेकांचे प्रवेश 2022 पासून सी. यू. ई. टी. या सामाईक परीक्षेतून होतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरला ज्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, त्या संस्थेनेही 2023 मध्ये हीच परीक्षा स्वीकारली. भाषाविषय सोडले तर तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. मराठीतून इतिहास शिकलेल्या मुलाला हिंदी प्रश्नपत्रिका थोड्या सरावाने कळते, असे जुने प्रश्न सोडविताना मला दिसले. तेव्हा परीक्षेची भीती हे नाव गाळण्याचे कारण होऊ नये. वर्गात दोन वर्षे इंग्रजीत ऐकणे आणि लिहिणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे, त्याचा प्रामाणिक विचार करावा.

आता ज्या गोष्टीमुळे आपल्याकडची मुले गुण असूनही मागे राहतात, त्या तारखांकडे येतो. आपल्या विद्यापीठातील प्रवेशाची गडबड पदवीच्या निकालानंतर, उन्हाळा सरता सरता सुरू होते. सी. यू. ई. टी. 2024 मध्ये आणि 2025 मध्येही मार्चमध्ये झाली, म्हणजे अर्ज त्याआधी, हिवाळ्यातच भरावे लागले. आपण तेव्हा सत्र परीक्षा आणि स्नेहसंमेलन यांत बुडालेले असतो. जूनमध्ये जागे होणाऱ्याला ते दार बंद झालेले आढळते आणि तो म्हणतो, "आपला नंबर लागला नसताच." नंबर लागण्याचा प्रश्नच आलेला नसतो, कारण अर्जच केलेला नसतो. आणखी एक मेख आहे. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नाही. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा स्वतंत्र नोंदणी करावी लागते, बहुतेक ठिकाणी तिचे शुल्कही स्वतंत्र असते. परीक्षेचे शुल्क हजाराच्या वर आहे. तेव्हा यादीतील प्रत्येक नावाला किंमत आहे आणि उगीच शोभेची नावे लिहिणे आपल्याला परवडणारे नाही.

कागदपत्रांचेही तसेच. आपल्या राज्यातील विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे गट केंद्रीय विद्यापीठांच्या अर्जात नसतात. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे का हे पाहून, जातीचे व नॉन-क्रिमीलेअरचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढावे लागते. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचेही तेच. सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये याला किती फेऱ्या लागतात हे ज्याचे त्याला माहीत. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर हे काम सुरू करावे हे उत्तम.

पैशाचा हिशेब मी वडिलांबरोबर बसून केला. सिल्लोड तालुक्यात आमची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात मका आणि कपाशी. अण्णा म्हणाले, "फॉर्म कितीबी भर, पण कोणत्या गावाला किती लागंल ते मला आधी सांग." मग एका वहीत प्रत्येक नावापुढे शुल्क, राहणे, मेस, जाणे-येणे आणि पुस्तके असे पाच रकाने आखले. घरून महिन्याला पाच हजारांहून अधिक येणार नाहीत हे ठरलेलेच होते. रकाने भरल्यावर दिसले की बहुतेक ठिकाणी शुल्काने नव्हे, राहण्याच्या रकान्याने घोडे अडते. पुण्यात शिकणे महाग नाही, पुण्यात झोपणे महाग आहे! म्हणून वसतिगृहात जागा किती आणि त्यांची यादी केव्हा लागते हे विचारून घ्यावे. प्रवेश होतो आधी आणि वसतिगृहाची यादी लागते नंतर. मधले दिवस कोठे काढावयाचे याची तरतूद हिशेबात धरावी. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शिकणाऱ्यास तिच्यात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मदत ठरविलेली आहे. इतरांसाठीही योजना आहेत, मात्र आपला अभ्यासक्रम त्यांत बसतो का हे महाडीबीटीवर आधी पाहावे. आणि शिष्यवृत्तीचा पैसा सत्र सुरू होताच हातात पडेल असे धरून चालू नये.

आमच्या वर्गातील एका भगिनीची हकीगत तिच्या परवानगीने सांगतो. तिला गुण आम्हा सर्वांपेक्षा अधिक. घरच्यांनी सांगितले होते, "पुण्याला नाही." तिने रडून-रुसून न बसता "का नाही?" असे विचारले. बोलता बोलता उलगडा झाला की घरच्यांचा विरोध पुण्याला नव्हताच, भाड्याच्या खोलीला होता. परिसरातच मुलींचे वसतिगृह असेल तर गाव कोणतेही चालेल, असे तिचे वडील अखेरीस म्हणाले. मग तिने आपली यादी मुलींच्या वसतिगृहावरून नव्याने लिहिली. त्यात पुणे तर राहिलेच, शिवाय हैदराबाद आणि वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय अशी आणखी दोन नावे आली. घरच्यांच्या "नाही"मध्ये नेमके काय दडलेले आहे हे विचारून घेतल्यावाचून पाटी पुसू नये, असे तिचे म्हणणे आहे. माझ्या मते या साऱ्या लेखात तिने सांगितलेली गोष्टच सर्वांत उपयोगी आहे. शेवटच्या नावाबद्दल मात्र तिचे-माझे मतभेद आहेत. तिच्या मते तळाला दोन नावे असावीत, कारण एका विभागाच्या जागा एखाद्या वर्षी अचानक घटल्या तर काय? मला दोन नावांची गरज वाटत नाही, पण तिचा मुद्दा खोडूनही काढता येत नाही.

माझी यादी शेवटी पाच नावांची झाली. वर डेक्कन कॉलेज, मध्ये पुणे विद्यापीठ आणि केंद्रीय परीक्षेतून दोन, तळाला आपले विद्यापीठ. सुरुवातीला नावे अकरा होती. सहा गळाली त्यांतली दोन पैशामुळे, एक माध्यमामुळे आणि तीन केवळ यामुळे, की ती मी का लिहिली होती याचे उत्तर मला देता आले नाही.

अर्जांच्या तारखा, लागणारे दाखले आणि वसतिगृहांची माहिती यांचा एक तक्ता आम्ही काही जणांनी मिळून तयार केला आहे. तो ग्रंथालयाच्या दाराशेजारच्या फळ्यावर लावलेला आहे. इतिहास, मराठी आणि राज्यशास्त्राचे रकाने भरले आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजीचे अजून कोरे आहेत. त्या विषयांच्या मित्रांसाठी आणि गुरुजनांसाठी फळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवली आहे.